अल्फामाच्या पायऱ्यांवरून लिस्बन : वारसा-फेरी काय दाखवते, काय झाकते

पोर्तुगालची राजधानी लिस्बन ही चढ-उतारांची नगरी आहे. ‘सात टेकड्यांचे शहर’ ही तिची ख्याती सतराव्या शतकात एका पोर्तुगीज धर्मगुरूने लिहिलेल्या ग्रंथामुळे रूढ झाली. रोमशी बरोबरी साधण्याचा मोह त्यामागे असावा; कारण लिस्बनमधील चढणी प्रत्यक्ष मोजू लागल्यास सातवर थांबता येत नाही. तेजो नदीच्या रुंद मुखाशी वसलेल्या या शहराचा सर्वांत जुना भाग किल्ल्याच्या टेकडीला बिलगून आहे. टेकडीचा नदीकडे उतरणारा भाग म्हणजे अल्फामा आणि पाठीमागचा, शहराच्या आतल्या बाजूस वळलेला भाग म्हणजे मोरारिया. या दोन वस्त्यांतून मार्गदर्शकासह पायी हिंडणे, ज्याला आपल्याकडे ‘हेरिटेज वॉक’ अथवा वारसा-फेरी म्हणतात, हा आज लिस्बनच्या पर्यटनाचा महत्त्वाचा भाग झाला आहे.

अशी फेरी वरवर साधी दिसते. दहा-वीस माणसे, पुढे बोलत चालणारा एक मार्गदर्शक आणि दोन-तीन तासांचा रस्ता. परंतु तिच्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आलेल्या असतात : टेकडीचा भूगोल, शहराचा इतिहास आणि तेथे आजही राहणाऱ्या लोकांचे दैनंदिन जीवन. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पर्यटकाला दाखवता येतात. तिसरी दाखवताना मात्र ती गमावण्याचा धोका असतो. अल्फामाची कथा भारतीय वाचकानेही समजून घेण्यासारखी आहे ती याच कारणासाठी.

टेकडीने घडवलेली वस्ती

अल्फामा हे नाव अरबी आहे. ‘अल-हम्मा’ म्हणजे उष्ण पाण्याचे झरे; या उतारावर असे झरे होते. आठव्या शतकापासून सुमारे चारशे वर्षे लिस्बन मुस्लिम सत्तेखाली होते. त्या काळात किल्ल्याच्या तटबंदीखाली दाट वस्ती वाढली. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याने, दुसऱ्या धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघालेल्या उत्तर युरोपीय योद्ध्यांच्या मदतीने, अनेक आठवड्यांच्या वेढ्यानंतर शहर जिंकले. पराभूत मुस्लिम रहिवाशांना तटाबाहेर, टेकडीच्या मागील बाजूस राहण्याची मुभा मिळाली. ११७० च्या राजपत्राने त्यांच्या वस्तीला मान्यता दिली. ‘मूर’ लोकांची ती मोरारिया. अल्फामातच पुढे एक ज्यू वस्तीही होती. त्या गल्लीचे नाव आजही ‘रुआ दा जुदियारिया’, म्हणजे ज्यू वस्तीचा रस्ता, असेच आहे. १४९६ च्या शेवटी राजा मानुएल याने हद्दपारीचा हुकूम काढला आणि ज्यू समाजापुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. वस्ती गेली, पाटी राहिली.

अल्फामाच्या गल्ल्या सरळ का नाहीत, याचे उत्तर नकाशात मिळत नाही, पायांना मिळते. चढ तीव्र असल्याने रस्ता उताराला आडवा जातो, मध्येच पायऱ्या होतो, एखाद्या घराच्या कमानीखालून निघतो आणि अंगणाएवढ्या चौकात संपतो. बोळ, जिने, चौक आणि बंद अंगणे यांसाठी पोर्तुगीज भाषेत निरनिराळे शब्द आहेत आणि पाट्यांवर ते जपलेले दिसतात. काही बोळ इतके अरुंद आहेत की वर समोरासमोरच्या घरांची छपरे एकमेकांना भिडू पाहतात. चाकांच्या वाहनाला येथे प्रवेशच नाही. म्हणून ही वस्ती पायी पाहण्याला पर्याय नाही.

जे १७५५ मध्ये उरले

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला महाभयंकर भूकंपाचा हादरा बसला. चर्च भाविकांनी भरलेली होती आणि वेदींवर मेणबत्त्या तेवत होत्या. भूकंपापाठोपाठ समुद्राच्या लाटा नदीमुखातून आत घुसल्या आणि नंतर लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली. नदीच्या गाळावर वसलेला सखल मध्यभाग, म्हणजे बायशा, जवळजवळ नष्ट झाला. टेकडीच्या अधिक भक्कम जमिनीवरील अल्फामाचीही हानी झाली, परंतु तिचा गल्ल्यांचा जुना सांगाडा टिकला.

पुढे पोम्बालचा मार्क्विस म्हणून प्रसिद्ध झालेल्या मंत्र्याच्या देखरेखीखाली बायशा नव्याने उभारण्यात आली. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते, एकसारख्या इमारती आणि भिंतींच्या आत धक्के सोसणारा लाकडी सांगाडा, ज्याला ‘पोम्बालचा पिंजरा’ म्हणतात, हे त्या पुनर्रचनेचे विशेष. भूकंपरोधक बांधकामाचा नियोजनबद्ध वापर करणाऱ्या युरोपातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. चांगला मार्गदर्शक फेरीतील लोकांना सांता लुझियाच्या सज्जावर उभे करतो तो हा फरक समजावण्यासाठी. तेथील निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या फरशांवर भूकंपापूर्वीच्या राजवाडा-चौकाचे चित्र आहे. खाली अल्फामाची छपरे पसरलेली असतात. काही पावले चालून पश्चिमेकडे वळले की नव्या शहराची रेखीव मांडणी लागते. एकाच आपत्तीच्या अलीकडचे आणि पलीकडचे शहर असे शेजारी उभे असते.

या फरशांना ‘अझुलेजु’ म्हणतात. हा शब्दही अरबीतून आलेला, घासून गुळगुळीत केलेल्या लहान दगडाच्या अर्थाचा. पायाखालची काळ्या-पांढऱ्या दगडी तुकड्यांची नक्षीदार फरसबंदीही याच टेकडीशी जोडलेली आहे. १८४२ मध्ये किल्ल्यातील कैद्यांच्या हातून अशी नागमोडी नक्षी घालून घेण्यात आली आणि तेथून ती शहरभर, पुढे पोर्तुगीज अमलाखालील इतर प्रदेशांतही पसरली. पावसात ही फरसबंदी कमालीची निसरडी होते.

फेरी कशी आखली जाते

टेकडीवरील फेरीचे पहिले गणित दमाचे असते. किल्ला नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवर आहे. म्हणून बहुतेक मार्गदर्शक एकतर वाहनाने किंवा सार्वजनिक लिफ्टने वर जाऊन उतरत येतात, किंवा दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा येईल अशा बेताने चढतात. थांब्यासाठी सावली, बसण्याजोगी पायरी आणि सांगण्याजोगी गोष्ट या तिन्ही एका ठिकाणी हव्यात. ‘मिरादोरु’ म्हणजे दृश्य पाहण्याचे सज्जे हे त्यामुळे फेरीचे स्वाभाविक विसावे ठरतात.

लिस्बनच्या चढणींवर माणसे वाहून नेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दोरीने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेगाड्या सुरू झाल्या : लाव्रा १८८४ मध्ये, ग्लोरिया १८८५ मध्ये आणि बिका १८९२ मध्ये. अल्फामातून वळणे घेत जाणारी २८ क्रमांकाची पिवळी ट्राम तर शहराची ओळखच बनली आहे. ही साधने मुळात चढावर राहणाऱ्यांसाठी होती. कालांतराने ती पर्यटकांनी भरून वाहू लागली. ३ सप्टेंबर २०२५ रोजी ग्लोरिया गाडीला झालेल्या भीषण अपघातात १६ जणांचा मृत्यू झाला. मृतांत परदेशी पर्यटकही होते आणि रोजच्या कामावरून परतणारे स्थानिकही. जुन्या शहराच्या वाहतूक-व्यवस्थेवर पडणारा भार हा केवळ गैरसोयीचा नव्हे, तर सुरक्षिततेचाही विषय आहे, याची ती दुःखद जाणीव होती.

गोव्याकडे जाणारे धागे

मराठी वाचकाला या टेकडीवर काही ओळखीच्या खुणा भेटतात. अल्फामाच्या पायथ्याशी, नदीलगत, ‘काझा दुश बिकुश’ नावाची इमारत आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर हिऱ्याच्या आकाराचे टोकदार दगड बसवलेले आहेत. १५२३ च्या सुमारास हे घर बांधले ते ब्राश दे आल्बुकेर्क याने. १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो दे आल्बुकेर्कचा हा मुलगा. भूकंपात या घराचे वरचे दोन मजले कोसळले. ते १९८० च्या दशकात पुन्हा उभारण्यात आले. तळघरात रोमन काळातील मासे खारवण्याच्या टाक्या आणि जुन्या तटाचे अवशेष आहेत. २०१२ पासून येथे नोबेल पारितोषिक विजेते कादंबरीकार जुझे सारामागो यांच्या नावाच्या प्रतिष्ठानचे कार्यालय आहे आणि समोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली त्यांच्या अस्थी आहेत.

वर चढत गेले की शहराचे कॅथेड्रल लागते. त्याला ‘से’ म्हणतात, जुन्या गोव्यातील ‘से कॅथेड्रल’मधला तोच शब्द, अर्थ बिशपचे पीठ. त्याच्या शेजारी ‘अल्जुब’ ही इमारत आहे. अरबीत विहीर किंवा खड्डा अशा अर्थाच्या शब्दावरून आलेले हे नाव कारागृहाला शोभणारेच होते. १९२८ ते १९६५ या काळात येथे हुकूमशाही राजवटीच्या राजकीय विरोधकांना अरुंद कोठड्यांत डांबले जाई. पोर्तुगालमधील लोकशाही क्रांतीच्या वर्धापनदिनी, २५ एप्रिल २०१५ रोजी, येथे प्रतिकार आणि स्वातंत्र्याचे संग्रहालय खुले झाले. त्याच राजवटीने गोवा मुक्तिसंग्रामातील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पेनिशच्या किल्ल्यात ठेवले होते. मोहन रानडे तर लिस्बनजवळच्या काशियाश येथील तुरुंगातून १९६९ मध्ये, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षे उलटून गेल्यानंतर सुटले. अल्जुबच्या दारात उभ्या राहिलेल्या भारतीय प्रवाशासाठी हा परकीय इतिहास राहत नाही.

टेकडीच्या पूर्व अंगाला सांता एंग्रासिया या चर्चच्या वास्तूत राष्ट्रीय स्मारक आहे. १६८२ मध्ये सुरू झालेले हे बांधकाम १९६६ मध्ये पूर्ण झाले; पोर्तुगीज भाषेत कधीही न संपणाऱ्या कामाला ‘सांता एंग्रासियाचे काम’ म्हणतात. आत वास्को द गामा आणि आल्बुकेर्क यांची प्रतीकात्मक स्मारके आहेत. कथनाची खरी कसोटी येथे लागते. ‘सागरी शोधांचे सुवर्णयुग’ एवढेच सांगून पुढे जाता येते. त्या युगात जिंकले गेलेले, गुलाम म्हणून विकले गेलेले आणि धर्मन्यायालयासमोर उभे केले गेलेले लोक कोण होते, हेही सांगता येते. एकच इमारत, एकच रस्ता. सांगणाऱ्याच्या निवडीनुसार ऐकणारा वेगवेगळे शहर घेऊन परततो.

गाणे आणि धुणे

अल्फामा व मोरारिया या कष्टकऱ्यांच्या, खलाशांच्या आणि कोळ्यांच्या वस्त्या होत्या. याच भागात एकोणिसाव्या शतकात ‘फादो’ हे विरहाचे, नियतीचे गाणे रुजले. मोरारियातील मारिया सेव्हेरा ही त्याची पहिली ख्यातकीर्त गायिका. १८४६ मध्ये, वयाच्या केवळ २६ व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. विसाव्या शतकात अमालिया रॉड्रिग्ज यांनी फादो जगभर नेला. त्यांची समाधी आज सांता एंग्रासियामध्ये आहे. २०११ मध्ये युनेस्कोने फादोचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

हा वारसा संग्रहालयातील वस्तूंसारखा काचेमागे ठेवता येत नाही. तो शेजाऱ्यांच्या ओळखीवर, खिडकीतून चालणाऱ्या गप्पांवर, दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवर आणि सार्वजनिक धुण्याच्या जागेवर उभा असतो. अल्फामाच्या एका बोळात असा सामायिक धुण्याचा हौद आजही आहे. १२ जूनच्या रात्री, संत अँथनीच्या सणाला, प्रत्येक वस्तीची मिरवणूक मुख्य रस्त्यावरून निघते. या स्पर्धात्मक मिरवणुकांची परंपरा १९३२ पासूनची. घरासमोर शेगडी मांडून लोक सार्डिन मासे भाजतात. मिरवणुकीत नाचण्यासाठी, शेगडी पेटवण्यासाठी वस्तीत माणसे राहत असावी लागतात. नेमका हाच प्रश्न आज उभा आहे.

रहिवासी कुठे गेले?

लिस्बन शहराची लोकसंख्या १९८१ मध्ये आठ लाखांच्या थोडी वर होती. २०२१ च्या जनगणनेत ती सुमारे साडेपाच लाख आढळली. या घटीला केवळ पर्यटन कारणीभूत नाही. उपनगरांची वाढ, जुन्या घरांची दुरवस्था, लिफ्टविना चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या वृद्धांची पिढी संपणे ही कारणे आधीपासून होती. मात्र २०१२ नंतर चित्र वेगाने बदलले. त्या वर्षी भाडेकायदा शिथिल झाला आणि जुने भाडेकरार संपवणे सोपे झाले. परदेशी गुंतवणूकदारांना निवास-परवाना देणारी योजनाही त्याच वर्षी आली. २०१४ मध्ये पर्यटकांना अल्पमुदतीने घरे देण्याची नोंदणी सुलभ करण्यात आली. महिन्याच्या भाड्यापेक्षा रात्रीच्या भाड्याचे उत्पन्न अधिक ठरताच अल्फामातील घरे एकामागून एक पर्यटक-निवास झाली. २०१७ मध्ये वस्तीच्या पायथ्याशीच पर्यटक-जहाजांचा नवा धक्का सुरू झाला आणि एकाच वेळी हजारो प्रवासी गल्ल्यांच्या तोंडाशी उतरू लागले.

यावर उपाय झाले नाहीत असे नाही. २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नगरपालिकांना अशा निवासांवर मर्यादा घालण्याचा अधिकार मिळाला आणि त्याच वर्षी लिस्बनने अल्फामा, मोरारिया, किल्ला-परिसर व बायर्रो आल्तो या भागांत नव्या नोंदणीला स्थगिती दिली. २०२३ मध्ये राष्ट्रीय पातळीवर आणखी कडक नियम आले. २०२४ मध्ये त्यांतील काही मागेही घेण्यात आले. धोरणांची ही ये-जा सुरू असताना जे कुटुंब एकदा वस्ती सोडून गेले ते परत येण्याची शक्यता मात्र फारशी नसते.

पायी फेरीचा या साखळीत वाटा किती? पायी चालणारा प्रवासी धूर करत नाही, रस्ता अडवणारे वाहन आणत नाही, शिवाय शेजारच्या लहान दुकानात पैसे खर्च करतो. त्या अर्थाने ती पर्यटनाची सर्वांत सौम्य पद्धत आहे. परंतु तिचे अर्थकारणही पाहावे लागते. अनेक युरोपीय शहरांत ‘मोफत’ म्हणून जाहिरात होणाऱ्या फेऱ्या वस्तुतः बक्षिशीवर चालतात. कित्येकदा मार्गदर्शकालाच प्रत्येक डोक्यामागे कंपनीला रक्कम द्यावी लागते. साहजिकच गट मोठा असणे त्याच्या हिताचे ठरते. चाळीस जणांचा गट दोन मीटर रुंदीच्या बोळात थांबला की घरात शिरणाऱ्या आजीबाईंना वाट मागावी लागते आणि ध्वनिक्षेपकावरचे निवेदन प्रत्येक स्वयंपाकघरात ऐकू जाते. तेच निवेदन दिवसातून दहा वेळा.

म्हणूनच अन्य शहरांनी गटाच्या आकाराला हात घातला. ॲमस्टरडॅमने २०२० मध्ये मध्यवर्ती भागातील गट १५ जणांपुरते मर्यादित केले. व्हेनिसने २०२४ मध्ये २५ ची मर्यादा घातली आणि ध्वनिक्षेपकांवर बंदी आणली. मोरारियात वेगळा प्रयत्न दिसतो. तेथे वस्तीच्या पुनरुज्जीवनासाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थेने स्थलांतरितांनाच मार्गदर्शक म्हणून तयार केले. आज या वस्तीत भारतीय उपखंड, आफ्रिका आणि चीनमधून आलेल्या लोकांची दुकाने व खानावळी आहेत. जेत्यांनी शहराबाहेर ठेवलेल्यांची जी वस्ती होती, तिची कथा नव्याने आलेला माणूस सांगतो, हे औचित्यपूर्णच म्हणावे लागेल. काही बोळांच्या भिंतींवर तेथील वयोवृद्ध रहिवाशांची छायाचित्रे थेट भिंतीवरच उमटवलेली आहेत. फेरी त्यांच्यासमोर थांबते तेव्हा वास्तूऐवजी माणूस हा वारशाचा विषय होतो.

पणजीतील तोच प्रश्न

हे सारे दूरदेशीचे वाटू नये. पणजीत आल्तिनो टेकडीच्या पायथ्याशी असलेली फोंताइन्हास ही वस्ती अल्फामाची दूरची नातलगच. झऱ्यांवरून पडलेले नाव, उताराला बिलगलेल्या गल्ल्या, रंगीत भिंती, अझुलेजुच्या पाट्या आणि मार्गदर्शकासह चालणाऱ्या फेऱ्या, सारे तेथेही आहे. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली ती जुन्या गोव्यातील चर्च आणि मठ. पणजीची ही वस्ती त्या यादीत नाही. तिचे रक्षण प्रामुख्याने स्थानिक नियम आणि घरमालकांच्या चिकाटीवर अवलंबून आहे. अलीकडच्या काळात समाजमाध्यमांसाठी छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी इतकी वाढली की अनेक घरांवर छायाचित्रण न करण्याची विनंती करणाऱ्या पाट्या लागल्या. लोक दारातल्या पायऱ्यांवर बसतात, सज्जात शिरतात, अशा तक्रारी रहिवाशांनी वारंवार मांडल्या आहेत.

अशा वस्तीत फेरीला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. गट लहान आहे काय? मार्गदर्शक त्या वस्तीतला, निदान तिच्याशी दीर्घ संबंध असलेला आहे काय? शुल्क आधीच ठरलेले आहे, की मार्गदर्शकाची मिळकत गर्दीच्या आकारावर सोडलेली आहे? चालताना आवाज खाली ठेवणे, उघड्या दारा-खिडकीतून आत कॅमेरा न रोखणे, पाणी किंवा चहा तेथल्याच दुकानातून घेणे, एवढे तर प्रत्येकाच्या हातात आहे. नगरपालिकांच्या हातात त्याहून अधिक आहे : गटांची मर्यादा, घरांच्या वापराचे नियम आणि राहणाऱ्यांना राहता येईल असे भाडे.

अल्फामाने ११४७ चा वेढा पाहिला, १७५५ चा भूकंप सोसला आणि हुकूमशाहीचा तुरुंगही आपल्या अंगावर वागवला. प्रत्येक वेळी भिंती राहिल्या म्हणून नव्हे, तर माणसे परतली म्हणून ती वस्ती टिकली. येत्या १२ जूनच्या रात्री तेथे किती दारांपुढे शेगडी पेटेल, यावरच तिचे पुढचे आयुष्य ठरणार आहे.